टोकाकडची सून

१

समुद्रकेंद्रात तिला सगळे काचवाली म्हणत. हुद्दा 'प्रयोगशाळा साहाय्यक' असा भारदस्त होता. पण माणसाला हुद्द्याने हाक मारायची पद्धत फक्त निरोपसमारंभात असते. काम तसं सोपं होतं. स्वच्छ काचपट्ट्या दोऱ्याने बांधून खाऱ्या पाण्याच्या टाक्यांत सोडायच्या, त्यांवर काय येऊन बसतं ते बघायचं, हवं ते जपायचं आणि नको ते खरवडून टाकायचं.

हवे असत ते फांदीवाले. पुस्तकात त्यांना ब्रायोझोआ म्हणतात. लांबून बघितलं तर पांढऱ्या जाळीचं नाजूक झुडूप वाटतं. भिंगाखाली धरलं की ते झुडूप नसून चाळ असल्याचं कळतं. एक पिल्लू पोहत येतं, काचेला चिकटतं, स्वतःभोवती चुन्याची खोली बांधतं. त्याच्या अंगातून दुसरं फुटतं, ते शेजारी खोली बांधतं. त्यातून तिसरं. मग फाटे, फाट्यांना फाटे. कुणी कुणाच्या खोलीत पाऊल टाकत नाही. पण भिंतींना बारीक भोकं असतात, आणि टोकाकडच्यांनी खाल्लेलं त्या भोकांतून आतपर्यंत पोचतं. काही जणांना तर खायला तोंडच नसतं. तेही उपाशी मरत नाहीत.

"एकत्र कुटुंब आहे," केंद्राच्या प्रमुख म्हणायच्या. त्यांना सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. "मिळवणारे टोकाला, बसून खाणारे मुळाशी."

"आणि मुळाशी बसलेले म्हातारे झाले की?"

"म्हातारपण नाहीच तिथे. आतला जीव आक्रसतो, त्याचा तपकिरी गोळा होतो. मग त्याच खोलीत, त्या गोळ्याशेजारी, नवा फुटतो. सरकारी क्वार्टर समज. माणूस बदलतो, खोली तीच."

"आणि सगळ्यात पहिल्या खोलीचं काय होतं?"

"ती बुजते. भिंती जाड होत जातात, दार बंद होतं आणि सगळं झाड तिच्यावर उभं राहतं. याला वडीलधारेपण म्हणतात."

काचवालीचा हात एका बाबतीत वाखाणलेला होता. एखादी वसाहत दाटून गुदमरायला लागली, की ती चिमट्याने हिरवट टोक अलगद मोडायची आणि नव्या काचेला दोऱ्याने बांधायची. इतरांनी बांधलेली टोकं कुजायची. तिचं प्रत्येक टोक धरायचं. "सुटलं बिचारं," असं ती दर वेळी मनात म्हणायची. आपण जीव वाचवतो आहोत, हा समज माणसाला फार दिवस पुरतो.

तिचं लग्न उशिरा झालं. नातेवाइकांनी आशा सोडली होती आणि त्यामुळे तिला जरा स्वस्थता मिळाली होती. तेवढ्यात स्थळ आलं. मुलगा निर्व्यसनी, कमी बोलणारा, तीन भावांत थोरला. मुलीने नोकरी सोडायची नाही, एवढीच त्यांची अट. ती ऐकून सगळे इतके खूश झाले की सासूबाईंनी "मुलगी पोटभर जेवते ना?" हे पुन्हा पुन्हा का विचारलं, याचा विचार कुणी केला नाही.

२

सासर म्हणजे एका लांबलचक इमारतीचा तिसरा मजला. जिना एका टोकाला. दुसरं टोक कापलेल्या कड्याला टेकलेलं. समोरून गॅलरी, गॅलरीत ओळीने बिऱ्हाडं. कड्यापाशी पहिलं बिऱ्हाड केलं ते आजेसासऱ्यांनी. त्यांना घरात 'थोरले' म्हणत. पुढे घरात लग्न झालं, की जिन्याच्या दिशेने पुढची जागा घ्यायची, मधल्या भिंतीत दार पाडायचं आणि मागल्या बिऱ्हाडासमोरची गॅलरी विटांनी बंद करायची, असा शिरस्ता. त्यामुळे टोकाची जागा तेवढी हवेशीर असे. ती नव्या सुनेची. काचवालीला खिडक्या मिळाल्या, गॅलरीत उघडणारं दार मिळालं आणि संध्याकाळचा समुद्रही मिळाला.

"लाडाची सून आहेस बाई," तिची आई म्हणाली.

पलीकडची जागा सासूबाईंची. तिथे दिवसाही दिवा लागे. दार होतं, पण सासूबाईंना ऊठबस नको वाटे, म्हणून सगळा व्यवहार भिंतीतल्या भोकातून चाले. ताट जाईल एवढं ते भोक, कडा चुन्याने गोल झालेल्या. त्यातून सासूबाई कधी पूर्ण दिसायच्या नाहीत. कधी डोळे, कधी हनुवटी, कधी नुसता बांगड्यांचा हात. त्यांच्यापलीकडे चुलतसासरे-चुलतसासूबाई. त्यांच्याहीपलीकडे कोण कोण, असं विचारलं तर नवरा म्हणे, "आपलेच."

स्वयंपाक टोकाला होई. काचवाली ताटं वाढून भोकातून आत सरकवायची. ताटं हातोहात दूरवर जात, भांड्यांचा आवाज बारीक होत जाई आणि काही वेळाने परत मोठा होत येई. ताटं परत येत ती जशीच्या तशी. अन्नाला बोट लागलेलं नसे.

"सासूबाई, आवडलं नाही का?"

"आवडलं की. छान झालं होतं."

"पण कुणी जेवलंच नाही."

"अगं, तू जेवलीस ना?" भोकातली हनुवटी हलली. "मग पोचलं."

केवढं मोठं मन, असं काचवालीला वाटलं. सासू अशा भाषेत बोलली की सून विरघळते, आणि विरघळलेल्या माणसाला पुढचं नीट दिसत नाही.

एवढं मात्र तिच्या लक्षात येत होतं, की तिचं खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. ती दुप्पट जेवायची, आणि बांगड्या कोपराकडे सरकायच्या. भूक अशी, की जेवून हात धुताना पुन्हा जेवावंसं वाटे. "लग्न मानवलं नाही हिला," केंद्रातले चेष्टा करत. "नवऱ्याला वाढतेस की स्वतः खातेस?"

एकदा केंद्रात घाईत तिने टाक्यांच्या खोलीतल्या शेगडीवर अंडी उकडली आणि उभ्या उभ्या खाल्ली. आसपास कुणी नव्हतं; फक्त पंपाचा आवाज होता. संध्याकाळी ती घरी आली, चपला काढल्या, आणि भोकातून सासूबाईंचा आवाज आला.

"दुपारची अंडी जरा कच्ची राहिली होती गं."

३

माणसाची बुद्धी ही मोठी सोयीची वस्तू आहे. नको ते दिसलं, की ती लगेच कारण काढून हातात देते. काचवालीच्या बुद्धीने आधी सांगितलं, की तोंडाला वास आला असेल. भिंतीपलीकडे वास कसा गेला, असं विचारल्यावर बुद्धी म्हणाली, म्हातारीने अंदाज केला असेल. कच्ची असल्याचाही अंदाज? यावर बुद्धीने विषय बदलला.

मग काचवालीने जे केंद्रात केलं असतं तेच केलं. टाकीत किडे झाले की घालायची एक पूड असते, जीवघेणी नव्हे, पण अशी कडू की बोटाला लागली तरी दिवसभर तोंड फिरतं. तिने चिमूटभर पूड कागदात बांधून घरी आणली. संध्याकाळची वेळ. नवरा खुर्चीत पेपर वाचत होता. ती ओट्याशी पाठमोरी उभी राहिली आणि पूड जिभेवर ठेवली.

डोळ्यांत पाणी आलं. तिने थुंकायचं नाही असं ठरवलं होतं, गिळली.

मग भिंतीपलीकडे सासूबाई थुंकल्या.

त्यांच्यामागून चुलतसासरे थुंकले. मग चुलतसासूबाई, खाकरून. मग त्यापलीकडे कुणी, त्याच्याही पलीकडे कुणी, ओळीने, जशी ताटं आत जात तसंच. आवाज लहान होत कड्याकडे गेले. ती ओटा धरून ऐकत राहिली. मग बराच वेळ काहीच नाही. संपलं, असं तिला वाटलं. आणि मग इतक्या आतून, की आवाज आहे की भास हे कळू नये, शेवटचं कुणीतरी हळूच थुंकलं. आणि खुदकन हसलं.

हसणं म्हाताऱ्या माणसाचं नव्हतं.

तिने वळून बघितलं. नवऱ्याने पेपर गुडघ्यावर ठेवला होता आणि तो हाताच्या पालथ्या बाजूने ओठ पुसत होता.

"असलं काही खात जाऊ नकोस," तो म्हणाला. रागाने नव्हे, पंखा बंद करत जा, अशा सुरात. "थोरल्यांना मग झोप लागत नाही."

४

त्यानंतर काही दिवस तिने उपास करून पाहिला. भिंतीपलीकडून आधी सुस्कारे आले, मग कण्हणं, मग सगळ्या ओळीतून नखांनी चुना खरवडल्यासारखा बारीक आवाज. तिला स्वतःचीच दया आली आणि ती जेवली. म्हणजे तिला तरी असं वाटलं, की दया स्वतःची आली.

अशात मधल्या दिराचं लग्न ठरलं. पुढची जागा रिकामी झालीच होती. तिथला शेजारी वारा सोसत नाही म्हणून सोडून गेला, असं नवऱ्याने सांगितलं. गवंडी आला आणि काचवालीच्या दारासमोर, गॅलरीत फीत धरून मापं घेऊ लागला.

"सुटलीस हो," भोकातून सासूबाईंचे डोळे हसले. "आता निवांत बसायचं."

"इथे भिंत येणार?"

"मग? पुढची गॅलरी धाकटीची."

"माझी खिडकी?"

"खिडकीतून काय येतं? धूळ."

"उजेड येतो, सासूबाई."

"उजेड काय खायचाय?"

काचवालीने गवंड्याची फीत कुठवर आली ते बघितलं. मग म्हणाली, "आणि मी कामावर कशी जाणार? धाकटीच्या घरातून?"

"तू कशाला जातेस आता?" सासूबाईंना खरोखरच नवल वाटलेलं दिसलं. "धाकटी जाईल की. चांगली धडधाकट आहे. शिवाय अजून आपलं शेंडेफळ आहे लग्नाचं. आम्ही कुणाला कमी पडू देत नाही."

गवंडी फीत गुंडाळत म्हणाला, "ताई, पुढच्या आठवड्यात काम सुरू. सामान जरा आत घ्या."

सामान म्हणजे ती स्वतःच, हे तिला गवंड्यापेक्षा आधी समजलं. नोकरी, दार, समुद्र, सगळं जाणार होतं. आणि भोकापाशी बसून दुसरीने गिळलेल्या घासावर जगायचं होतं. ही पुढची ओळ तिने भिंगाखाली इतक्यांदा बघितली होती, की ती तोंडपाठ होती. फक्त शेवटची खोली तिने बघितली नव्हती.

५

भाऊ तिघेही नव्या जागेसाठी फरशी बघायला गेले, त्या दुपारी ती केंद्रातली छोटी बॅटरी घेऊन आत शिरली.

सासूबाई भोकाला कान लावून खुर्चीत बसल्या होत्या. डोळे उघडे, श्वास झोपेतला. त्यांच्यामागचं दार तिच्या अंगाला जेमतेम पुरलं. खोल्या स्वच्छ होत्या. जाळं नाही, कोंदट वास नाही. फक्त ओल्या चुन्याचा वास. दर वर्षी आतून चुन्याचा एक हात द्यायचा, असा घरचा नेम होता. वर्षानुवर्षांचे हात भिंतींवर चढले होते. कोपरे गोल झाले होते, छत खाली आलं होतं.

चुलतसासरे आणि चुलतसासूबाई भिंतीकडे तोंड करून शेजारी शेजारी बसले होते. "आलीस?" चुलतसासूबाई मान न वळवता म्हणाल्या. "बस ना."

"पुढे जाऊन येते."

"जा, जा. लवकर बघितलेलं बरं असतं."

पुढचं दार तिला तिरकं होऊन ओलांडावं लागलं. त्याच्या पुढचं रांगत. तिथल्या खोलीत कुणी होतं, तिच्या पायाला कुणाचा तरी उबदार गुडघा लागला. तिने बॅटरी तिकडे वळवली नाही. पुढे दार नव्हतंच. भोक होतं आणि त्यातून थंड कड्याचा वास येत होता.

तिने बॅटरी भोकाला लावली.

आत खोली कसली, फडताळ होतं. त्यात गुडघे मिठीत धरून एक तरुण बसला होता. चेहरा तिच्या नवऱ्याचा. पण नवऱ्याचा चेहरा लग्नाआधीही एवढा कोवळा नसणार. कातडी ओली, केस टाळूला चिकटलेले. त्याच्या पायाशी तपकिरी गाठोडं होतं, वाळलेल्या चामड्याच्या पिशवीसारखं, कुणीतरी पिळून ठेवलेलं. तिला वाटलं, अंथरूण असेल. बुद्धीने तेवढं तरी कारण दिलं.

गाठोड्यावर चष्मा होता. पडलेला नव्हे, दोन्ही बाजूंना नीट अडकवलेला.

तरुणाने डोळ्यांवर हात घेतला.

"सूनबाई," तो खूप जुन्या, फाटक्या आवाजात म्हणाला, "बॅटरी विझव गं. डोळे नवे आहेत."

६

ती किंचाळली नाही. आली तशी तिरकी होत, रांगत परत आली, हातपाय धुतले आणि खिडकीशी उभी राहिली. आयुष्यभर जे हातांनी केलं तेच माणसाला संकटात सुचतं. तिला चिमटा आठवला. वसाहत गुदमरायला लागली, की टोक मोडायचं.

दूरच्या बंदरावर केंद्राची नवी शाखा निघत होती. तिने डॉक्टरीणबाईंकडे बदली मागितली.

"तिकडे कुणी जायला तयार नाही, आणि तू आपण होऊन?" बाई म्हणाल्या. "नवऱ्याला विचारलंस?"

नवऱ्याला टाकून एकटीनेच पळावं, हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. पण त्याचा काय दोष? तोही तिच्यासारखाच टोकाला होता. जेवताना तो बारीक मिटक्या मारायचा, तिला ते आवडायचं. तिने त्याला विचारलं.

"जाऊ या की," तो म्हणाला.

भांडणाची एवढी तयारी करून आलेल्या बाईला लगेच होकार मिळाला, की ती आनंदाने बावळट होते. सासूबाईंनीही मोडता घातला नाही. भोकातून हात बाहेर काढून त्यांनी तिचा गाल चाचपला, मोठ्या मायेने, फळ पिकलं का बघतात तसा.

"जा. तिकडे नीट जीव लावा," त्या म्हणाल्या.

नव्या गावात तिने हट्टाने गच्चीवरची सुटी खोली घेतली. कुणाशी भिंत सामाईक नाही, चारही बाजूंना खिडक्या. पहिल्या दिवशी तिने पाव आणि केळं खाल्लं आणि श्वास रोखून वाट बघितली. कुणी काही बोललं नाही. तिला चक्क रडू फुटलं. केळ्याला चव असते, हे ती विसरली होती.

महिन्याभरात गाल भरले, बांगड्या मनगटावर आल्या. केंद्रात तिने पहिल्याच दिवशी जुन्या वसाहतीतून आणलेलं एक टोक नव्या काचेला बांधलं आणि टाकीत सोडलं. "सुटलो गं आपण दोघी," ती त्याला म्हणाली.

एका रविवारी तिला जाग आली ती ओल्या चुन्याच्या वासाने. नवरा हातात कुंचला घेऊन आतली भिंत रंगवत होता.

"डाग होता," तो म्हणाला.

७

मधला दीर आणि धाकटी आले ते चार दिवसांसाठी. चार दिवसांसाठी आलेल्या पाहुण्यांचं सामान एवढं कसं, हे काचवालीने विचारलं नाही. पाहुण्यांना विचारायची रीत नाही. दिराला त्याच बंदरावर काम लागलं होतं. गच्चीवर जागा भरपूर. घरमालकाला भाडं वाढतंय म्हटल्यावर आणखी काय हवं होतं? काचवाली कामावर असताना पूर्वेच्या खिडकीबाहेर विटा रचून दुसरी खोली उभी राहिली. दुसऱ्या खोलीला जिना जवळ पडतो म्हणून दार तिकडून ठेवलं. जिना एकच होता; आता काचवालीची वाट धाकटीच्या खोलीतून जाऊ लागली.

"ताई, रागावलात?" धाकटी म्हणाली. ती हसरी, गुटगुटीत मुलगी होती, सतत काहीतरी चघळत असायची. "हे म्हणाले, थोडे दिवसच."

"रागवायचं काय त्यात?" काचवाली म्हणाली. "पण माझ्या दारासमोरून तुझी चूल उठवून घे."

"चूल तर सासूबाईंनीच तिथे मांडायला सांगितली. म्हणाल्या, थोरलीला आता त्रास नको."

थोरली. हा शब्द तिला पहिल्यांदाच लागला होता.

दुसऱ्या दिवशी केंद्रात तिने आपण बांधलेल्या टोकाची काच वर काढली. टोक जोमात होतं, पंख्यासारखं पसरलेलं, कडेकडेला नव्या खोल्या फुटत होत्या. तिने भिंग उलट्या दिशेने सरकवलं. दोरा बांधला होता तिथे. इतक्या वर्षांत तिने तिथे कधी बघितलं नव्हतं. धरलेल्या टोकाचं कौतुक पुढच्या बाजूने करायचं असतं. दोरा चुन्यात गडप झाला होता. तिने मोडून आणलेल्या त्याच खोल्या, तेव्हा उघड्या, तेव्हा हिरवट, आता जाड, आंधळ्या, काचेला घट्ट बसलेल्या. सगळा पंखा त्यांच्यावर उभा होता.

तिने पातं घालून त्या सोडवायचा प्रयत्न केला. काचेचा टवका उडाला. खोल्या हलल्या नाहीत.

आजवर तिने मोडलेलं एकही टोक सुटलं नव्हतं. प्रत्येक टोकाचा बुंधा झाला होता.

त्याच संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. आवाजात कृतज्ञता होती, आणि ती खोटी नव्हती. हे सगळ्यात वाईट.

"पोरी, कसे उपकार फेडू तुझे? इकडे जिन्यापाशी येऊन आम्ही संपणारच होतो. पुढे जागाच नाही. कुणीतरी उठून जायला हवं होतं, कुणाची छाती झाली नाही. मी पण एकदा बॅग भरली होती, माहीत आहे? उंबऱ्यातून परत फिरले. तू धीराची."

"मी पळून आले, सासूबाई."

"हो गं," सासूबाई मायेने म्हणाल्या. "तसंच जायचं असतं."

८

राजीनामा तिने दिला नाही. एका सकाळी धाकटीच्या खोलीतून बाहेर पडायचा कंटाळा आला. दुसऱ्या दिवशी धाकटीची खाट आडवी होती. मग पाऊस लागला आणि छत गळतं म्हणून नवऱ्याने उरलेल्या खिडक्या बुजवल्या, शेवटी दारही, ताटापुरतं भोक ठेवून. अशा गोष्टी कधी एकदम होत नाहीत. एकदम झाल्या असत्या तर तिने आरडाओरडा केला असता. आता ती भोकापाशी बसे. नवरा भिंतीकडे तोंड करून बसे. चूल पेटवायची गरज उरली नव्हती. दुपारी मध्येच तिच्या तोंडात गोड यायचं, कधी आंबट, आणि ती समजायची, की धाकटी कामावर मधल्या सुटीत खाऊ खाते आहे.

पण धाकटीचं पोट बिघडलं होतं. ती रोड होत चालली, दोन घास खाऊन ताट सारू लागली. आतल्या दोघांना भूक ओरबाडू लागली. काचवालीच्या दंडांची कातडी सैल पडली, तिच्यावर तपकिरी छटा आली. रात्रीच्या झोपेत कुशीला काहीतरी ओलसर, उबदार लागे. नवरा तर दुसऱ्या कोपऱ्यात निजायचा. तिने बॅटरी लावून बघितलं नाही.

अशा एका सकाळी पलीकडच्या खोलीत ओळखीचा आवाज आला.

"कुठे आहे ती?" डॉक्टरीणबाई विचारत होत्या. शाखेची तपासणी करायला आल्या होत्या. "पत्राला उत्तर नाही, कामावर पत्ता नाही. तिची टोकं सगळी मरायला लागलीत, कुणाला बांधता येत नाहीत. मी तिला घेऊनच जाणार आहे. गाडी खाली उभी आहे."

"ताई आत आहेत," धाकटीचा क्षीण आवाज. "त्यांना बरं नसतं."

"बरं नसतं म्हणजे? दार कुठे आहे या खोलीला?"

काचवाली उठली. किती दिवसांनी उठली, ते गुडघ्यांनी सांगितलं. तिने भोकाच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या. पलीकडे उजेड होता, इतका, की डोळ्यांत कुसळं गेल्यासारखं झालं. एकच वाक्य म्हणायचं होतं : बाई, भिंत फोडा, मला न्या. बाई अशा होत्या, की त्यांनी हातोडा मागवला असता. नवऱ्याला, दिराला, घरमालकाला कुणालाच त्या घाबरल्या नसत्या. वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं.

तेवढ्यात तिला आवाज आला. करकर. मग चोखल्याचा आवाज. मग पुन्हा करकर.

बाईंच्या मागे त्यांची मुलगी उभी होती. सुटीत आईबरोबर फिरायला आलेली. उंच, भरल्या अंगाची, गालांवर तकाकी. हातात सफरचंद होतं. तिने मोठा लचका तोडला, रस हनुवटीवर ओघळला.

काचवालीच्या तोंडाला पाणी सुटलं. ती थांबली, वाट बघत राहिली. जिभेवर काहीच आलं नाही. तोंडापासून हातभर अंतरावर एवढं खाणं चाललं होतं आणि त्यातला एक थेंबही पोचत नव्हता. मागे नवरा कण्हला. अंथरुणात कुणीतरी कूस बदलली.

"बाई," काचवाली म्हणाली.

"अगं! आहेस तरी कुठे तू? आणि हे काय, भोकातून बोलतेस?" डॉक्टरीणबाई वाकल्या. "कशी आहेस? खरं सांग."

जिभेवरचं वाक्य तिथेच होतं. तिने ते गिळलं. पोटाला तेवढाच आधार.

"मजेत आहे," ती म्हणाली. स्वतःचा आवाज एवढा गोड आहे, हे तिला कधी माहीत नव्हतं. "थकवा होता जरा. मुलगी केवढी झाली हो तुमची!"

"झाली ना. घोडी झालीय. लग्नाचं नाव काढलं की पळते आणि दिवसभर नुसती चरते."

"आई!" मुलगी खाता खाता हसली.

"चरू दे की. याच वयात खायचं." काचवालीने श्वास घेतला, सफरचंदाचा वास आत गेला, नुसताच वास. "आमच्या शेंडेफळासाठी आम्ही बघतोच आहोत. निर्व्यसनी आहे. कमी बोलतो. या ना पुढच्या महिन्यात, दोघांना भेटवू. गच्चीवर जागाही आहे पुष्कळ."

डॉक्टरीणबाईंना हसू आलं. काळजीने आलेल्या माणसाला समोरचं माणूस लग्नाच्या गोष्टी करताना दिसलं, की तो निर्धास्त होतो. "म्हणजे तू बरी आहेस तर," त्या म्हणाल्या. "मी उगाच घाबरले. स्थळ तसं वाईट नाही हं, काय गं?"

मुलीने लाजून आईला कोपर मारलं. मग कुतूहलाने ती भोकाशी आली, वाकली आणि आतल्या काळोखात कोण आहे ते नीट न दिसताच हसली.

"काकू, खाणार?" तिने अर्धं सफरचंद पुढे केलं.

"नको गं बाळ," काचवाली मायेने म्हणाली. "तूच खा."